दोन पोदेर लावलेले साडूभाऊ

कोसळण्याचा विचार माझ्या साडूंनी जितका केला आहे तितका अख्ख्या गोव्यात कोणी केला नसेल. अख्ख्या गोव्यात म्हणणं जरा जास्त होईल, कारण दक्षिणेकडे माझं फारसं जाणं नाही. पण पेडणे, डिचोली आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एवढा भाग मी नीट पाहिलेला आहे, आणि तेवढ्यापुरतं लिहून द्यायला तयार आहे. समोर काहीही दिसलं, पूल, पंखा, पंचायतीचं मंडळ, की हे गृहस्थ मान तिरकी करून विचारतात, "हे पडलं तर?"

प्रश्न त्यांच्या कामातलाच आहे. ते राहतात डिचोलीला आणि पणजीला जाऊन नकाशांच्या संगणकीय व्यवस्थेचे आराखडे करतात. नकाशे काढणारे वेगळे. जमिनींचे, रस्त्यांचे, खाणींचे नकाशे कुठल्या यंत्रात राहतील, कोणी मागितले तर कुठलं यंत्र उत्तर देईल आणि ते बंद पडलं तर त्याच्या जागी कोण उभं राहील, हे ठरवणारे आमचे साडू. मला हे समजायला बरीच वर्षं लागली. शेवटी एका मे महिन्यात आमच्या पेडण्याच्या घरी फणस फोडताना त्यांनी माझ्या बायकोला समजावलं, तेव्हा बाजूला बसून मलाही कळलं.

"ताई, नकाशा म्हणजे फणस. पाहुण्याच्या हातात कोणी अख्खा फणस देत नाही. आधीच गरे काढायचे आणि थोडे थोडे प्रत्येक तालुक्यात ठेवायचे. पणजीची लाईन गेली तरी पेडण्याचा माणूस उपाशी राहत नाही."

"आणि गरे शिळे झाले म्हणजे?" बायकोने विचारलं.

साडूंचा तेल लावलेला हात हवेतच राहिला. "ताई, आमचा सगळा धंदा ह्या एका प्रश्नावर अडलाय," ते म्हणाले, आणि पुढचे चांगले गरे तिला निवडून दिले.

घरीही हाच कारभार. डिचोलीच्या बाजारात नदीचं पाणी शिरतं, म्हणून त्यांच्या घरातल्या प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची जोड आमच्याकडे पेडण्याला असते. चाव्या, चष्मा, जमिनीच्या कागदांच्या प्रती, इथवर ठीक. पण कैरीच्या लोणच्याचीही एक बरणी आहे आणि ती उघडायची आम्हाला परवानगी नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळंभाज्यांची माटोळी टांगायची, तर तिची प्रत्येक दोरी दुहेरी, आणि दोन नारळ एका खिळ्यावर कधी नाहीत. एका वर्षी ही भाराची वाटणी इतकी चोख चालली की भटजी येऊन, चहा पिऊन, दुसऱ्या घरची पूजा आटोपून परत आले तरी गणपती खाली तोंड झाकून बसलेलेच होते.

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांनी लावलेले दोन पोदेर. सकाळी सायकलवरून हॉर्न वाजवत पाव आणणारा पोदेर आमच्याकडे घरटी एक पुरतो. ह्यांच्याकडे एक आला नाही तर म्हणून दुसरा. दोघेही कधी चुकले नाहीत. मुलगा बंगळूरला, घरात माणसं दोन. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला: न आलेले पोदेर शून्य, उरलेला पाव रोज निम्मा. "म्हणजे व्यवस्था चालली," ते समाधानाने म्हणाले. पहिल्या पोदेराने तर एकदा दारात उभं राहून विचारलं, "बाब, घरांत तुमी दोगां आनी पोदेर दोग. म्हजें कितें चुकलें?"

उरलेल्या पावाचे तुकडे सुपात वाळत घालताना माझी मेव्हणी म्हणायची, "सगळ्याची जोड पेडण्याला. माझी जोड खंय ठेवलीत?"

"तुझी जागा अजून ठरायची आहे."

"ठरवा बेगीन. आणि तिला माशाचं हुमण करता यायला हवं, सांगून ठेवते."

मग एका पावसाळ्याच्या शेवटी मेव्हणीच्या पोटात गाठ निघाली. ती कसली हे काढल्याशिवाय कळणार नव्हतं. साडूंनी तयारी केली. गाड्या दोन. खनिजाच्या ट्रकांनी एक रस्ता अडवला तर दुसरा ठरलेला. फोन दोन कंपन्यांचे. रक्त द्यायला लागतील त्याच्या दुप्पट माणसं. मलाही त्यांनी राखीव म्हणून नेलं. "भाऊ, मी पडलो तर तुम्ही."

तिला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. डोक्यावरचा पंखा हलत होता, करकरत होता. एरवी त्यांनी विचारलंच असतं. त्यांनी विचारलं नाही, पंख्याबद्दल नाही आणि दुसऱ्या कशाबद्दलही नाही. मी आकड्यांचा माणूस. काहीतरी बोलावं म्हणून शंभरात किती गाठी साध्या निघतात हा डॉक्टरांचा आकडा पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, नको," एवढंच म्हणाले.

गाठ साधी निघाली. विश्रांतीसाठी माझ्या बायकोने बहिणीला पेडण्याला आणलं. साडू रोज संध्याकाळी डिचोलीहून यायचे, हातात पावाच्या दोन पुड्या.

"अहो, एकाला तरी बंद करा," बायको म्हणाली. "तिथे खाणारं कोण आहे?"

"ताई, सकाळी दोघे हॉर्न वाजवतात. घरात माणसं आहेत असं वाटतं."

मेव्हणी सोप्यावर उशीला टेकून बसली होती. बरं वाटायला लागलं होतं, म्हणून तिने जुनी चौकशी काढली. "काय मग, माझी जोड ठरली?"

साडू बराच वेळ पाव चहात बुडवत राहिले. "ती प्रत ठेवता येत नाही," ते म्हणाले. "लगेच शिळी होते."

तिने त्यांच्या हातातला भिजलेला पाव काढून घेतला आणि दुसरा दिला. मी त्यांना म्हटलं, आज राहा, काळोख पडलाय, रस्ता खराब आहे. पण ते उठलेच. सकाळी दोन्ही पोदेर यायचे होते, आणि दार उघडायला घरात दुसरं कोणी नव्हतं.