गणपतने दांडकं दिलं तेव्हा

मार्गशीर्षातले कोवळे ऊन मावळातल्या कापून झालेल्या भातखाचरांवर पसरू लागले, की त्या ओलसर, पेंढ्याच्या गंधाने माझे साठी उलटलेले पाय अजूनही शिवशिवतात. अशा खाचरातून तुम्ही कधी अनवाणी धावला आहात का, धसकटे चुकवीत, छातीत गार वारा भरून घेत? ते सुख मला दिले वडिवळ्याच्या गणपतने.

मी लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून, तो तिथलाच फिटर. सुटीला आम्ही कुरवंड्याच्या माळावर धावायचो. म्हणजे तो धावायचा आणि मी त्याच्या पाठीचे दर्शन घेत मागून धापा टाकायचो! आधी रेल्वेच्या शर्यती, मग प्रांताच्या, आणि एके दिवशी देशाच्या चमूत त्याचे नाव निघाले. बोटीने तो परदेशी गेला. एकट्याच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत बाद झाला. पण चौघांच्या शर्यतीत, जिथे प्रत्येकाने आपल्या वाटणीचे अंतर धावून हातातले दांडके पुढच्याला द्यायचे असते, त्याच्या चमूला कांस्यपदक मिळाले.

गावाने त्याला खांद्यावर घेतले. त्याचे वडील, आबा, मात्र पदक तळहातावर ठेवून उलटसुलट करून पाहत होते.

"तुज्या पाळीला म्होरं कोण व्हतं?" त्यांनी विचारले.

"मीच व्हतो, आबा."

"मंग म्होरं असताना दांडकं दुसऱ्याला दिलंस कशापायी?"

शेवटचा गडी मद्रासकडचा होता. त्याला दोघांनी गाठले, हे कळल्यावर तर आबांचा संताप अनावर झाला. "माज्या पोरानं जितलेलं त्यानं घालवलं," असे ते दोन दिवस येईल त्याला सांगत राहिले. गणपतचा चेहरा उतरला. ज्या मित्राविषयी तो इतक्या मायेने बोलायचा, त्याला घरात रोज शिव्या! विजयाचे मोल मोजताना माणसे किती सहज एकाला पारड्यातून उतरवतात, नाही?

तिसऱ्या दिवशी, मीही रजा काढून वडिवळ्यात आलो होतो तेव्हा, गणपत म्हणाला, "आबा, तुमी चौघं पळा. मी येकटा समदं पळतो."

ओढ्याकाठच्या खाचराला चार वेढे. आमच्याकडून पहिला वेढा माझा, दुसरा गणपतच्या बहिणीचा, चंद्राचा, तिसरा शेजारच्या रहीमभाईंचा, आणि शेवटचा आबांचा. दांडके म्हणून चंद्राने लाटणे आणले. उभे गाव बांधावर लोटले.

माझ्या वेढ्यात गणपत पार पुढे निघून गेला. पण चंद्राने पदर खोचून असे काही अंतर तोडले की बायकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. गणपत थकत चालला होता. रहीमभाईंनी त्याला मागे टाकले आणि आबांच्या हाती लाटणे ठेवले तेव्हा आम्ही वीस पावले पुढे होतो. आबांनी धोतर वर खोवले आणि, काय सांगू, तो साठीतला माणूस हरणासारखा सुटला! "पळा आबा, पळा!" आम्ही घसा फोडून ओरडत होतो. मागून गणपत येत होता, धापा टाकीत, पण येत होता. अगदी शेवटच्या चार पावलांत त्याने आबांना गाठले आणि पुढे गेला.

आबा बांधावर मटकन बसले, लाटणे छातीशी धरून. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते!

"गण्या, लय वंगाळ रं ह्ये," ते म्हणाले. "तिघांची मेहनत माज्या हातात, आन मागनं पायांचा आवाज! त्या पोराच्या मागं तर किती पाय असत्याल!"

गणपत त्यांच्याजवळ बसला आणि दोघेही धापा टाकत, एकमेकांना टेकून हसत राहिले. चुकलो, हा शब्द आबांनी उच्चारला नाही. मनाचे मोठेपण शब्दांतच दिसावे, असे थोडेच आहे?

आठवड्याने आबा कान्हे स्टेशनावरून गाडी धरून माझ्या खिडकीपाशी आले. पाठीवर आंबेमोहोराचे पोते. मद्रासकडच्या त्या गड्याचा पत्ता गणपतकडून लिहून आणला होता. मी पार्सलचा कागद भरत होतो. पाठवणाऱ्याच्या रकान्यापाशी थांबून विचारले, "आबा, पूर्ण नाव सांगा."

"नाव नगं," ते म्हणाले. "त्याला वळखाया यील आसं लिव. लिव, वडिवळ्याचा शेवटला गडी."

नियमात ते बसत नव्हते. मी वळणदार अक्षरांत तसेच लिहिले.