वालूरची सुमन आणि माझी चिठ्ठी

मनमाडला गाडी बदलून सेलूला उतरले, तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी फलाटाची फरशी तापली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता.

मुंबईत मी लहान मुलांची डॉक्टर. वालूरच्या पाच वर्षांच्या सुमनच्या दोन्ही मूत्रपिंडांत कर्करोगाच्या गाठी निघाल्या होत्या. डावं पूर्ण काढावं लागलं. उजव्यातली गाठ तेवढी कापून आमच्या सर्जननी उरलेलं वाचवलं. पण पुढच्या इंजेक्शनांना ती आलीच नाही. पत्रालाही उत्तर नाही, म्हणून मी निघाले.

वालूरच्या एसटीत शेजारी एक मेंढपाळ बाई बसली होती. गुरुजींच्या सुमनकडे चाललेय म्हटल्यावर म्हणाली, "लय जपतेत (फार जपतात) पोरीला. लय गुणाचे मायबाप!"

ऐकून बरं वाटलं.

सुमनचे वडील गावच्या शाळेत गुरुजी. "जय भीम, डॉक्टरबाई!" म्हणत ते दारात आले. त्यांच्या पत्नीने, गयाबाईंनी, पिठलं-भाकरी वाढली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. गोधडीवर पडलेली सुमन माझ्याकडे बघतच नव्हती. ती तांब्याकडे बघत होती.

मी ताटावरून उठले. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली.

"पाणी किती पिते ही?"

"सकाळी एक पेला, सांजच्याला एक," गुरुजी म्हणाले. "वर घोटभरबी न्हाई. रडती, पण आमी मन घट्ट करायलोत (करत आहोत). उठली की चक्कर येती, म्हणून मुंबईला आणता आलं न्हाई."

"पण का?"

त्यांनी ट्रंकेतून घडी केलेला कागद काढला. सुमनला घरी सोडताना मी दिलेली चिठ्ठी, माझंच अक्षर. 'उरलेल्या मूत्रपिंडावर ताण येऊ देऊ नका.'

"पाणी म्हंजे त्याला कामच की, बाई."

मी ती ओळ पुन्हा वाचली. ताण म्हणजे काय, हे मी लिहिलंच नव्हतं. भरपूर पाणी पाजा, हे तर मी गृहीतच धरलं होतं.

गयाबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "चुकलं का काई आमचं?"

"तुमचं नाही. माझं चुकलं."

मीठ-साखरेचं पाणी करून चमच्याचमच्याने पाजलं. दुपारच्या एसटीने सेलू गाठलं, तिथून गाडीने परभणी. दवाखान्यात सलाइन लावलं. रक्ताच्या अहवालात मूत्रपिंड जवळजवळ बंद पडल्याचं दिसत होतं. दोन दिवस आम्ही तिघं फक्त तिच्या लघवीची वाट बघत बसलो. तिसऱ्या सकाळी गयाबाई भांडं हातात घेऊन धावतच आल्या. "झाली बाई! चांगली झाली!" भर वऱ्हांड्यात त्या रडायला लागल्या.

आठवड्याने रक्त सुधारलं, तेव्हा सुमनला आणि गुरुजींना घेऊन मी मुंबईला परतले. सर्जननी विचारलं, "आपण वाचवलेलं मूत्रपिंड कसं आहे?"

"चालतंय," मी म्हणाले. मग माझ्या चिठ्ठीचं सगळं सांगितलं.

आता घरी जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी समोर बसवते आणि विचारते, "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." ते बोलत असतात, तेव्हा मी मध्ये बोलत नाही.