आमच्या वायफायवरचा परका

त्या उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि तेही कधी येईल याचा नेम नसायचा. पैठणचं धरण तळाला गेलेलं. तरी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत चढतच होती. मी आणि आई तळमजल्यावर भाड्यानं राहायचो, घरमालक वरच्या मजल्यावर. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेले गृहस्थ; त्यांना मी काका म्हणायचे. माझं काम घरूनच चालायचं. पुस्तकांची प्रुफं तपासायची आणि ऑनलाइन परत पाठवायची. नेट बंद म्हणजे काम बंद.

मार्चमध्ये नेट रडायला लागलं. फाइल अर्ध्यात अडकून बसायची. तक्रारीचा फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, लाइन चांगली आहे. तुमच्याकडेच कुणीतरी जास्त वापरतंय." मला रागच आला. घरात माणसं दोन, त्यातली आई फोनवर फक्त कीर्तनं ऐकते.

तरी त्या मुलीनं सांगितलं तसं राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांची यादी आली. माझा लॅपटॉप, माझा फोन, आईचा फोन. आणि चौथं एक, ज्याला नावच नव्हतं, नुसती आकड्या-अक्षरांची माळ. मी तिन्ही वस्तू बंद करून शेवटी शेजारणीचा फोन आमच्या वायफायला जोडून त्यावर पुन्हा पान उघडलं. आमची तिन्ही नावं जाऊन शेजारणीचं आलं होतं. चौथं जागचं हललं नव्हतं, आणि सतत काहीतरी बाहेर पाठवत होतं.

खरं सांगते, आधी भीती वाटली. कोण बसलंय आपल्या घरात? मग विचार केला, शोधत कशाला फिरायचं? याची वाट बंद करू, ज्याचं अडेल तो आपण होऊन बोलेल. मी त्या माळेवर बोट ठेवून तिला ब्लॉक केलं आणि कामाला बसले. फाइल एका दमात गेली.

तासाभरात काका दारात. "तुझं नेट गेलंय का गं?"

"नाही काका, उलट आजच नीट चाललंय. का?"

ते घुटमळले. "आमचा कॅमेरा दिसंना मोबाइलवर."

"कसला कॅमेरा?"

रस्ता रुंद करताना त्यांच्या नेटची केबल तुटली होती, तेव्हा ऑनलाइन टँकर मागवता यावा म्हणून मीच त्यांना चार दिवसांपुरता पासवर्ड दिला होता. त्याच पासवर्डवर त्यांनी कॅमेरा जोडला होता. मागच्या अंगणात, वरच्या सज्जाखाली, लिंबाएवढा पांढरा. मी तो बल्बचा होल्डर समजत होते. त्याच्यासमोर सगळ्या घराची पाण्याची टाकी, धुण्याचा दगड आणि आमच्या न्हाणीचं दार.

"काका, तिथं आम्ही बाया वावरतो."

"मी काय तुम्हाला बघायला लावला का? टाकीतलं पाणी कमी होतंय. चोर सापडावा म्हणून लावला." त्यांनी मोबाइल पुढं केला. साठवलेलं चित्रण होतं. आई नुकती न्हाऊन आलेली, केस मोकळे, पदर खांद्यावरून घसरलेला. कळशी भरून ती कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं देत होती. पलीकडून बांगड्यांचे दोन हात आले आणि कळशी घेऊन गेले. बांधकामावरच्या बायकांचे हात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बोलणं ऐकून आई पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"व्हय, देते," ती म्हणाली. "माझ्या वाटणीचं देते. मी एकाड एक दिवस न्हाते, तुमच्या फोनात ते दिसलं नाय का? त्या बाया दिवसभर शिमेंट कालवतात अन् प्यायला पाणी नाय. इचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. चोरून बघायचं काय कारण?"

काका लाल झाले. "घर माझं आहे. मी कुठंही कॅमेरा लावीन."

मी त्यांच्या आणि आईच्या मधे जाऊन उभी राहिले. "घर तुमचं. नेट माझं आहे आणि आई माझी आहे. माझ्या नेटवरून माझ्या आईला कुणी बघणार नाही. हे चित्रण माझ्यासमोर पुसा. उद्या दुपारपर्यंत कॅमेरा उतरला नाही तर मी चौकीत जाते."

गच्चीवरच्या खोलीत एक नर्स राहायची. गलका ऐकून ती जिन्यात येऊन उभी राहिली होती. "मी पण तिथंच धुणं धुते," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलं? चौकीत जाणार असाल तर मी पण येते."

काकांनी मोबाइल पुन्हा उघडला. मग त्यांनी माझ्यासमोर सगळं चित्रण पुसलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस शिडी घेऊन आला आणि कॅमेरा काढून घेऊन गेला. मी पासवर्ड बदलला. आईनं त्या सकाळीही कळशी दिली. भिंतीवरून नाही, फाटकातून, काका वर पेपर वाचत असताना.

भाड्याचा करार संपल्यावर काकांनी तो वाढवला नाही. आम्ही बायपासच्या पलीकडं एका नव्या वस्तीत गेलो. तिथं नळच नव्हता, धूळ होती, वीज वेळी-अवेळी जायची, आणि प्रुफं घेऊन मी कितीदा तरी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसले. वैजापूरचे मामा आले तेव्हा घर बघून हळहळले. "मोक्याची जागा घालवली. वाकून माफी मागितली असती तर राहू दिलं असतं त्यांनी."

आई म्हणाली, "कशाची माफी, ते सांग. मंग मागते."

मामांनी चहाचा कप उचलला आणि यंदा तरी पाऊस बरा होईल का, ते बोलायला लागले.