गिअरवरचा चिकू

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानात मी डोळे मिटून एकेक फळ हातात घेत होते. आंबा फार लांबट, पेरू जड. चिकू मात्र डाव्या तळहातात अलगद बसला.

"मुलांना द्यायचाय का?" दुकानदारांनी विचारलं.

"नाही, गाडीच्या गिअरला लावायचाय."

ते हसले. पण बाहेर गाडीपाशी येऊन त्यांनी गिअरच्या दांड्याचं माप घेतलं आणि चिकूला खालून भोक पाडून आत आटे पाडून दिले.

त्या दांड्यावर आधी स्टीलचा भला मोठा गोळा होता. नवऱ्यानं हौसेनं बसवलेला. माझी बोटं त्याला पुरत नसत. तसं सांगितलं, तर म्हणाला, "होईल सवय."

घाट चढताना नवरा शेजारी बसला होता आणि मी चिकू मुठीत धरून गिअर बदलत होते. मनात आलं, माझ्या हाताचं माप आजवर घेतलं ते फक्त बांगड्या भरताना कासारानं. तेही तळवा दाबून, अंगठा आत मुडपून, हा हात किती लहान होऊ शकतो याचं. बाकी ओटा, कुलपं, छत्रीची मूठ, सगळ्यांशी हातच जुळवून घेत आला. तो उघडा असताना केवढा असतो, हे मी स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

घाट संपल्यावर नवरा चालवायला बसला. गिअर टाकताना त्याचा हात दोनदा सटकला.

"फार लहान आहे गं हा. हाताला लागतच नाही."

"होईल सवय," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं.