कोरा राहिलेला समुद्र

माझी धाकटी सून समुद्राच्या आराखड्याच्या कामावर आहे. जहाजांची वाट कुठून, वाळूउपसा कुठे, मासेमारी कुठे, हे सरकार ठरवणार. त्याआधी मच्छीमारांना विचारायचं, हे तिचं काम. नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून ती दारोदार फिरते. "काका, तुम्ही जाळं टाकता ती जागा रंगवा."

पण चांगली जागा इथे कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. नकाशा तर सगळ्यांसमोर भिंतीवर लागणार! लोकांनी भलतीकडेच रंग फासला. खरी जागा तेवढी कोरी राहिली. आणि साहेबांनी सांगितलं, कोरी जागा वाळूउपशाला. मुदत शुक्रवारपर्यंत.

ती पुन्हा फिरली, हातापाया पडली. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा रंगवेलच की. तिचा घसा बसला. घरी आली की पायरीवरच बसायची, चपला काढायचंही त्राण नसायचं.

"बाबा, सकाळी झाडून सगळ्या होड्या तिकडेच जातात. नकाशावर मात्र तिथं कोणीच नाही."

मला यातलं काय कळणार? मी पाणी आणून द्यायचो.

गुरुवारी ती धक्क्यावर एका म्हाताऱ्या होडीवाल्यासमोर बसली. बोलून बोलून थकली होती. म्हणाली, "तुमची नका सांगू काका. या शेजाऱ्याची तरी सांगा."

"याची?" म्हातारा खुलला. "आण इकडे खडू! या लबाडाची जागा मी झोपेतही दाखवीन."

"अरे चोरा, माझ्या मागावर होतास होय!" शेजारी ओरडला. "ताई, मला द्या तो नकाशा. याची मी दाखवतो!"

मग झुंबडच उडाली. एकाने मेव्हण्याच्या तीन जागा रंगवल्या. "लग्नात माझा मान ठेवला नव्हता, आता भोग म्हणावं." संध्याकाळपर्यंत कागद फाटायला आला.

साहेबांनी कुरकुरत का होईना, तो तुकडा मासेमारीला सोडला. होड्या अजून तिथेच जातात. फक्त आता धक्क्यावर अर्धे लोक एकमेकांशी बोलत नाहीत आणि राग हिच्यावर काढतात. "आली बघा भांडणं लावणारी."

काल तिच्या हाती पुढच्या गावाचे नकाशे आले. ती आडवी झाली, जेवायलाही उठली नाही.

"तिथले लोक फार गोडीगुलाबीनं राहतात म्हणे," छताकडे बघत म्हणाली. "मग मेलेच मी, बाबा."

मी पंखा जरा वाढवला.