कमलताईची थप्पड

कमलताई गेली हे मला जीपवाल्याने सांगितलं. रोज सकाळी ती नाशिकरोडला जीपमध्ये बसायची आणि मी पळशाच्या फाट्यावर चढायचे. तोवर तिने पिशवी ठेवून माझी जागा अडवलेली असायची, आणि कुणी कुरकुर केलीच तर त्याची खैर नसायची. त्या दिवशी जीप उशिरा आली. ड्रायव्हर खाली उतरला तर त्याच्या बाहीवर रक्त. "ताई, कमलमावशीला डंपरने उडवलं... गाडीत चढत होत्या. दवाखान्यात नेलं मी, पण काहीच उरलं नव्हतं." मी विचारलं, डंपरवाला काय म्हणतो? "म्हणतो, घाई होती." घाई! मला रडूच आलं नाही. रस्त्याकडेचा दगड उचलला आणि समोरून जाणाऱ्या एका डंपरवर भिरकावला. तो डंपर वेगळा होता हे मला कळत होतं. तरी मारला.

सिन्नरच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी लागले तेव्हा कमलताई माझ्या शेजारच्या प्रेसवर, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, होती. तिच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पहिल्या दिवशी मी चोरून पाहिलं, तर तिने तो हात थेट माझ्या नाकासमोर धरला. "नीट बघून घे. प्रेसने खाल्ली." बोटं गेल्यावर ती घरी बसली होती, तेव्हा नवरा लुळी म्हणून अंगावर धावून आला आणि तिने भरल्या डब्याने त्याचं कपाळ फोडलं. "तीन बोटांची पण मूठ बसती बरं का," हे ती इतक्या आनंदाने सांगायची की ऐकणाऱ्याने हसावं की सरकून बसावं ते कळेना. पुढे तो नवरा तिला रोज स्टँडवर सोडायला येई, तिची पिशवी धरून, मुकाट. गेटजवळच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिलेला असायचा, कष्टाला पर्याय नाही वगैरे. कमलताई तो मोठ्याने वाचायची आणि वॉचमनला म्हणायची, "कष्टाला हात पण लागत्यात, ते लिवा की खाली."

प्रेसला दोन हिरवी बटणं असतात. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात साच्यात राहूच शकत नाही. पण असं काम हळू होतं. म्हणून सुपरवायझर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण कायमचं दाबून बांधून टाकायचा. मग एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने उरलेलं बटण दाबायचं. ही पट्टी सगळ्यांना मिळत नसे. जिचा हात बसलाय तिलाच मिळायची, आणि आम्ही बायका तो मान समजायचो. पट्टी मिळाली की त्या बाईने जिलबी आणायची, असा रिवाजच पडला होता. आता आठवून हसू येतं... नाही, हसू येत नाही. कमलताई कुणाचीच जिलबी खात नसे. ती दिसेल त्या प्रेसची पट्टी कापायची, सुपरवायझर पुन्हा बांधायचा, आणि मधल्यामध्ये ती पट्टीवाली बाई कमलताईचा मार खायची.

मला पट्टी मिळाली तेव्हा कमलताई रजेवर होती. परत आली त्या दिवशी मी जिलबीचा पुडा घेऊन बसले होते. सासूबाईंनी मेथीच्या जुड्या विकून येताना आणला होता, कौतुकाने. माझा डावा हात साच्यात होता. मागून कुणीतरी केसांना धरून मला स्टुलावरून खाली ओढलं आणि सणसणीत कानाखाली बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पाहिलं तर कमलताई. तिने पुडा फोडला, जिलबी साच्यात ठेवली आणि एका हाताने बटण दाबलं. ठोकळा धाडकन खाली आला. पाक माझ्या तोंडावर उडाला. "बघ! जिलबी होती का तुझा हात होता, मशीनला काय कळलं?" सुपरवायझर ओरडत आला, त्याने तिचा दंड धरला, आणि तिने प्रेसवर पडलेला पाना उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फाटला. ऑफिसात विचारलं तेव्हा म्हणाली, "मारलं. पट्टी बांधली तर परत मारीन." तिला घरी बसवलं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. चारचौघींत थप्पड खाल्लेल्या माणसाला न्याय-बिय काही सुचत नाही, नुसता राग सुचतो.

मग एका सकाळी मी कामावर गेले तर माझ्या प्रेसभोवतीची फरशी धुतलेली, वर भुसा पसरलेला. दुसऱ्या शिफ्टच्या बाईचा पंजा गेला होता, त्याच पट्टीवर. भुसा एका ठिकाणी अजून ओला होता. मी तिथेच ओकले. त्या दिवशी आम्ही कुणी प्रेसला हात लावला नाही. शेडबाहेर जाऊन बसलो, शिव्या खाल्ल्या, धमक्या खाल्ल्या, पण उठलो नाही. निरोप मिळताच कमलताई आली आणि आधी सगळ्यांना डबे उघडायला लावले. "भांडायचं तर जेवून भांडा. उपाशी माणूस लवकर माफी मागतंय." हे वाक्य मला जन्मभर पुरलं आहे. घरी, ऑफिसात, पोलीस चौकीत सुद्धा मी आधी खाते आणि मग बोलते. पट्ट्या निघाल्या, ती कामावर परत आली, आणि जिलबीचा रिवाज बंद झाला.

माणसाला मारून शहाणं करता येतं असं मला वाटत नाही. मी ते तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी सांगून बघितलं ना गं. लय वर्षं सांगितलं. तुमी जिलबी वाटली."

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून गेलो. बुद्धवंदना झाली, तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, जेवणं झाली. तो जुना सुपरवायझरही आला होता, शिवलेला ओठ मिशीत लपवून. जाताना मला म्हणाला, "बाई तापट होती." मी म्हटलं, "होती."

आता मी लाइन-लीडर आहे. कमलताईचा फोटो भिंतीवर लागतो न लागतो तोच, मागच्या आठवड्यात, सुरगाण्याकडून आलेल्या एका नव्या मुलीच्या प्रेसवर मला काळी पट्टी दिसली. मी कातरीने ती कापली. शांतपणे समजावलं, हात धरून दाखवलं. तिने मान डोलावली. चहाहून परत आले तर तिने स्वतःच चिंधी बांधलेली, आणि बोटं साच्यात. मी तिला केसांना धरून मागे ओढलं आणि मारलं. माझा तळवा झणझणला. अख्खी लाइन थांबली. त्या मुलीने माझ्याकडे इतक्या द्वेषाने पाहिलं की वाटलं आता ही थुंकणार. मग ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली, दोन्ही हातांनी डोळे पुसत.