पानाभोवतीचं पाणी

बावीस वर्षांच्या नोकरीत मी सलग पंधरा दिवसांची रजा एकदाच घेतली, आणि तीही कुत्र्यासाठी. हे मी कार्यालयात सांगितलं नव्हतं असं नाही. सिव्हिल लाइन्समध्ये आमचं सरकारी कार्यालय, तिथे मी आवक-जावक बघायची. अर्जात ‘वडिलांचं ऑपरेशन’ असं लिहिलं होतं, म्हणून साहेबांनी विचारलं, “बाबूजी के साथ ग्वालियर जा रही हैं?” मी म्हटलं, “जी नहीं, कुत्ते के साथ झाँसी में रह रही हूँ.” ते हसले. मी हसले नाही.

झालं होतं असं, की बाबांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. ताई ग्वाल्हेरला दिलेली, तिच्याकडे चांगले डॉक्टर, सगळी सोय. बाबा जायला तयारही झाले, पण एका अटीवर. “मी जातो. ही घरी राहिली पाहिजे, त्यांच्यापाशी.” ते म्हणजे कुत्रा. बाबा कुत्र्याला ‘अहो’ म्हणायचे. मला ‘अगं ए’, ताईला ‘अगं ए’, आणि या तपकिरी, एका कानाने लोंबत्या, तेरा वर्षांच्या प्राण्याला ‘अहो, या, ऊन आलंय’. आई होती तेव्हा ती म्हणायची, जन्मात मला कधी इतक्या मानानं हाक मारली नाही हो तुम्ही.

बाबा शनिवारी गेले. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. माघातलं ऊन होतं, अंगणातला पेरू लगडलेला. मी ठरवलं होतं, आठपर्यंत झोपायचं, दुपारभर खाटेवर लोळायचं, आणि स्वयंपाक म्हणजे मऊ भात, वर मेतकूट, तूप, लिंबाची फोड. एरवी मी पहाटे उठून दोघांचं करून, बाबांचं झाकून ठेवून नऊला सायकल काढायची. बाबा त्यांची पूजा आटोपून अकराला आपल्या हातानं पान वाढून घ्यायचे, आणि घासूनही ठेवायचे. थाळीला आम्ही अजून पानच म्हणतो. इतक्या पिढ्या हिंदी मुलखात गेल्या, तरी आमच्या घरात थाळी काही शिरली नाही. रविवारीसुद्धा अकराला मी गच्चीवर कपडे वाळत घालत असायची. तेव्हा बाबा कसे जेवतात, कुत्रा कधी जेवतो, मी कधी पाहिलंच नव्हतं. रात्री दोघं दूध प्यायचे, एवढं माहीत. जाताना मी विचारलं होतं, “याला काय घालू?” बाबा चपला शोधत म्हणाले, “मी खातो तेच खातात ते.” पुढे काही बोलणार होते, पण बोलले नाहीत. रिक्शा आली होती.

रविवारी अकराला मी कुत्र्याच्या ॲल्युमिनियमच्या वाडग्यात वरण-भात कालवून ओसरीवर ठेवला. तो आला, हुंगलं, मागे सरकून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, खाईल. संध्याकाळी भात तसाच, वर मुंग्या. रात्री दूध प्यायला, तेही अर्धं.

सोमवारी दही-भात. नाही. संध्याकाळी गरम पोळी, तुपाचा हात लावून. नाही. मंगळवारी पिठलं केलं, ते बाबांना फार आवडतं म्हणून. त्यानं पिठल्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला काहीतरी घाणेरडं बोलले होते. आणि गंमत अशी की बरोबर अकराला उठून यायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसायचा, अगदी पाहुण्यासारखा. वाडगा ठेवला की उठून जायचा.

“अरे मेल्या, काय हवंय तुला? पंचपक्वान्न?” मी ओरडले. त्यानं लोंबता कान जरा हलवला, बस.

मंगळवारी दुपारी त्याला रिक्शात घालून छावणीत एका निवृत्त डॉक्टरांकडे नेलं. पूर्वी ते पलटणीच्या घोड्यांचे डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबलं, दात बघितले, जीभ बघितली. म्हणाले, बीमारी कुछ नहीं है, बूढ़ा है, जिद पकड़ ली है. मटणाचं सूप पाजा. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, यानं जन्मात अंडंसुद्धा पाहिलेलं नाही. ते म्हणाले, तो अब दिखाइए, वरना चार-छह दिन और. येताना रिक्शात तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता, आणि डोकं हलकं लागत होतं. मला कुत्रे आवडत नाहीत, हे मी तेरा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. तरी त्या रिक्शात मी त्याच्या लोंबत्या कानावर हात ठेवून बसले.

रोज बारा वाजता ग्वाल्हेरहून बाबांचा फोन यायचा. तब्येतीचं नाही, हवेचं नाही, पहिला प्रश्न, “खाल्लं का त्यांनी?” मी म्हणायची, खाल्लं. रविवारी खाल्लं, सोमवारी खाल्लं, मंगळवारी सगळं चाटूनपुसून खाल्लं. शुक्रवारी ऑपरेशन, उगाच कशाला जिवाला घोर! बुधवारी त्यांनी विचारलं, “बसून खाल्लं की उभ्यानं?”

“उभ्यानं,” मी म्हटलं. “कुत्री उभ्यानंच खातात, बाबा.”

बाबा म्हणाले, “खोटं बोलतेस तू. चार दिवस त्यांच्या पोटात काही नाहीये.”

वर म्हणाले, “उद्या बारापर्यंत खाल्लं तर ठीक. नाहीतर दुपारच्या गाडीनं मी येतो. ऑपरेशन-बिपरेशन गेलं खड्ड्यात.” ताईनं फोन घेतला, ती रडायच्या बेतात होती. “अगं, डॉक्टर म्हणतात आता पुढे ढकललं तर जिवावर बेतेल. बाबा बॅग भरतायत गं! तू काहीही कर, पण त्या कुत्र्याला खायला घाल.” मी म्हटलं, बाबांना विचार ना ते कसं खातं. तिनं विचारलं. बाबा म्हणाले म्हणे, “तिचं तिला कळेल,” आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

असा संताप आला मला! काय कळेल? कसं कळेल? त्या रात्री मी कुत्र्यापाशी खाली गादी टाकून झोपले आणि त्याला सांगितलं, तुझ्यामुळे माझे बाबा गेले ना, तर बघ. तो आपला घोरत होता.

गुरुवारी सकाळी शेजारीण परत आली. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती आठवडाभर मऊरानीपूरला माहेरी गेली होती, भावाकडे लग्न होतं. भिंतीवरून तिनं मला लाडूंचा पुडा दिला, कुत्र्याकडे नजर गेली आणि म्हणाली, “काए दीदी, जे तो सूख गओ!” मी सगळी कहाणी सांगितली. वाडगा दाखवला. ती वाडग्याकडे बघून हसायलाच लागली.

“इसमें देती हो? अरे दीदी, बाबूजी तो रोज दो थाली लगाते हैं. एक अपनी, एक इनकी, आमने-सामने. पहले अपनी थाली के चारों तरफ पानी घुमाते हैं, फिर इनकी. तब ये खाते हैं. आपको नहीं पता?”

मला नव्हतं पता.

आता हे पाणी काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे पुरुष जेवायला बसले की उजव्या तळहातावर पाणी घेऊन पानाभोवती फिरवतात, बाजूला भाताची चार शितं ठेवतात, एक घोट पाणी पितात आणि मग पहिला घास. मुंज झालेल्यानं करायचं. मी आठ वर्षांची होते तेव्हा बाबांच्या शेजारी बसून, त्यांचं बघून, मीही माझ्या पानाभोवती पाणी फिरवलं होतं. फार ऐटीत. बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. “मुलींनी करायचं नसतं.” मी विचारलं, का? ते म्हणाले, जेव. बस, एवढंच. मी त्या दिवशी जेवले नाही आणि कोणी विचारलंही नाही. नंतर आई होती तोवर कित्येक वर्षं त्या पानावर मी वाढलं, ते पान घासलं, त्याच्याभोवतीचं पाणी फडक्यानं पुसलं.

आणि हे गृहस्थ कुत्र्याच्या पानाभोवती पाणी फिरवत होते! मुलीला नाही चाललं, कुत्र्याला चाललं! मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आदळलं, झाकणं आदळली. म्हटलं, नाही करणार. येऊ देत त्यांना दुपारच्या गाडीनं, करू देत स्वतः. घड्याळात पावणेअकरा. कुत्रा तेवढ्यात उठला. उठताना मागचे पाय घसरले, पुन्हा उठला, आणि येऊन आपल्या भिंतीला टेकून बसला. पाचवा दिवस, आणि हा अजून वेळेवर येत होता.

मी तांदूळ धुतले. नाक वाहत होतं, ते पदराला पुसत मऊ भात केला, मेतकूट घातलं, तूप सोडलं. फळीवरून दोन पानं काढली. एक त्याच्यापुढे ठेवलं, एक समोर माझं. बसले. तळहातावर पाणी घेतलं, तर निम्मं सांडलं. पुन्हा घेतलं. त्याच्या पानाभोवती फिरवलं. चार शितं बाजूला ठेवली. माझ्या पानाला मी हात लावला नाही.

त्यानं पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बसल्या जागी मान खाली घालून खायला लागला, सावकाश, शीत न् शीत. मी तिथेच हुंदके देत बसले. कशासाठी रडत होते ते मला पक्कं माहीत होतं, त्यात कुत्र्याचा वाटा थोडाच होता.

बाराला फोन वाजला. “खाल्लं का त्यांनी?”

“खाल्लं. बसून.”

“पाणी कोणी फिरवलं?”

“मी.”

बाबा हळूच म्हणाले, “तुझी आई गेल्यावर एकट्यानं पान घेऊन बसवेना गं. त्यांचं पान मांडलं. एक दिवस हात आपोआप त्यांच्या पानाकडे गेला. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

“सांगितलं असतंत तर मी फोन आदळला असता,” मी म्हटलं.

“ते माहीत होतं मला.” मग म्हणाले, “तुझ्या पानाभोवती फिरवलंस?”

“नाही.”

“का?”

“का काय विचारता, बाबा? तुम्हीच तर...”

“चुकलंच माझं,” बाबा म्हणाले. “तेव्हाच कळलं होतं. तू जेवली नाहीस त्या दिवशी. मीही नीट जेवलो नव्हतो.” मागून ताई काहीतरी विचारत होती, ते तिला थांब म्हणाले. “उद्या मला आत नेतील. अकराच्या सुमारास. तू त्याच वेळेला जेवायला बस. दोन्ही पानांना फिरव.”

शुक्रवारी अकराला मी बसले. आधी त्याच्या पानाभोवती फिरवलं, तो चार दिवसांचा भुकेला होता. मग माझ्या. चाळीस वर्षांनी, आणि एक थेंबही सांडला नाही. दुपारी ताईचा फोन आला, सगळं ठीक झालं. पुढचे आठ दिवस मी खरोखरच खाटेवर लोळले आणि पेरू खाल्ले, आणि खाटेखाली तो.

बाबा फाल्गुनात घरी आले. वाळले होते, सुया टोचून टोचून उजवा हात निळा पडला होता. कुत्र्यानं त्यांना नखशिखान्त हुंगलं आणि लगेच जाऊन आपल्या भिंतीला टेकून बसला, कारण अकरा वाजले होते. मी तीन पानं मांडली. बाबांनी तळहातावर पाणी घेतलं, ते बोटांतून गळून गेलं. दुसऱ्यांदा घेतलं, तेही गळलं. त्यांनी पंच्यानं हात पुसला आणि भांडं माझ्याकडे सरकवलं.

“तूच फिरव,” म्हणाले. “तिन्ही.”

मी फिरवलं. कुत्र्यानं खायला सुरुवात केली, मग बाबांनी, मग मी.